डावी भुवई

केसांची एक बट, एवढंच निमित्त. बसथांब्यावर वारा सुटला होता. वहिनीच्या एका हातात कागदांची जड पिशवी, दुसऱ्या हातात मिटलेली छत्री, आणि कानामागून सुटलेली बट पुन्हा पुन्हा कपाळावरून डाव्या डोळ्यावर येत होती. तिच्या जावेनं, धाकटीनं, बोलता बोलता, अगदी सहज, एक बोट पुढं करून ती बाजूला सारली. आणि वहिनी किंचाळली. रांगेतली माणसं दचकून वळली. एका म्हातारबुवांनी धाकटीकडे असं पाहिलं, जणू हिनं भर रस्त्यात कुणाला डागणीच दिली. "अहो, काय केलं मी?" धाकटी घाबरून म्हणाली. वहिनीनं डोळे घट्ट मिटले होते. "भाजलं," ती म्हणाली. "काय भाजलं?" "तुझं बोट." धाकटीनं बोट आपल्याच गालाला लावून पाहिलं. चांगलं गार होतं. "नख लागलं का?" "नाही गं. बट नुसती हलली तरी..." तेवढ्यात बस आली, वहिनी चढली आणि रोजच्यासारखा खिडकीतून हात हलवून गेली. धाकटी बोटाकडे बघत उभी राहिली. तिची स्वतःची बस समोरून निघून गेली तेव्हा कुठं ती भानावर आली.

चष्म्याच्या दुकानात दिवसभर तिचं लक्ष लागलं नाही. ती फ्रेमा बसवून देण्याचं काम करी; कुणाचं नाक रुंद, कुणाचा एक कान वर, काडी तापवून थोडी वाकवायची, पुन्हा लावून बघायची. रोज कितीतरी चेहऱ्यांना तिची बोटं लागत. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या कपाळाशी हात नेताना तो हवेतच थांबला. "बाई, लावा की," गिऱ्हाईक म्हणालं. वहिनीला दुखणं नवं नव्हतं, हेच धाकटीला छळत होतं. वहिनीइतकं दुखणं तिनं दुसऱ्या कुणात पाहिलं नव्हतं, पण त्या दुखण्याला आवाज कधीच नव्हता. आज तो निघाला होता, तोही एका बटेपायी, आणि आपल्या बोटानं. एखाद्या घरात वर्षानुवर्षं बंद असलेलं दार अचानक वाजावं, तसं तिला झालं होतं.

लग्न ठरलं तेव्हा नवऱ्यानं घराची ओळख करून देताना सांगितलं होतं, "आमच्या घरात डोकं एकट्या वहिनीलाच आहे." धाकटी हसली होती. बाकीचे बिनडोक, असा तिनं अर्थ घेतला होता. नांदायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं, की विनोद अर्धाच होता. 'डोकं आलंय' असं त्या घरात म्हणत, पाहुणे आलेत म्हणावं तसं. ते आलं की खोलीचे पडदे ओढले जात, भांडी हळू ठेवली जात, फोडणी द्यायचीच असेल तर दार लावून दिली जाई. मोठे दीर, ज्यांना सगळे दादा म्हणत, फळांच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारत. त्यांचा आवाज असा, की पलीकडच्या गल्लीतला माणूस बोली लावून जाईल. पण डोकं आलं की दादा चपला हातात घेऊन चालत. आणि घर हातांनी बोलू लागे. वहिनी बहिऱ्या माणसांची दुभाषी होती. इस्पितळात, शाळेत, न्यायालयात त्यांच्या खुणांचे शब्द करायचे आणि बाकीच्यांच्या शब्दांच्या खुणा, हा तिचा पेशा. त्या खुणांतल्या कामापुरत्या खुणा घरानं उचलल्या होत्या. कानशिलाला दोन बोटं म्हणजे डोकं आलं. पंजा उघडला की गेलं. धाकटीनं या घरात भांडायला शिकण्याआधी हातांनी बोलायला शिकून घेतलं. तिला ते फार आवडलं. अंधाऱ्या खोलीत पाण्याचा पेला ठेवायला गेलं, की पांघरुणातून वहिनीचा हात वर येई आणि विचारी: जेवलीस का? डोकं फुटायची वेळ आलेली बाई दुसऱ्याच्या जेवणाची चौकशी करते, आणि तीही उपकार केल्यासारखी नाही, सवयीनं. धाकटी दारात उभी राहून 'जेवले' अशी खूण करी, खोटीच कितीदा, आणि तिच्या मनात येई: आपलं नुसतं बोट कापलं तरी आपण घर डोक्यावर घेतो. एकदा तिनं विचारलंही होतं, "कसं सोसता हो तुम्ही?" वहिनी तेव्हा तोंड धुऊन, केस बांधून कामाला निघाली होती, वादळ येऊन गेल्यावर अंगण झाडायला घ्यावं तशी. ती म्हणाली, "सोसते कुठं? ते येतं, बसतं, जातं. मी त्याच्या वाटेत येत नाही, इतकंच."

त्या संध्याकाळी धाकटी घरी आली तर पडदे ओढलेले. दादांनी दारातच कानशिलाला दोन बोटं लावून दाखवली. म्हणजे नेहमीचंच, आणि धाकटीच्या जिवात जीव आला. पण खोलीत वहिनी पडलेली नव्हती, पलंगाच्या कडेला बसली होती. आपल्या डोक्याकडे परक्यासारखं बघता आलं असतं, तर ती तसं बघत असावी असा तिचा चेहरा होता. "नेहमीची गोळी घेतली," ती म्हणाली, "उपयोग नाही. हे माझं नाही, धाकटे." "म्हणजे?" "माझं उजवीकडनं येतं. आधी डोळ्यांपुढं चमकतं, वर्दी देतं, मग येतं. हे डावीकडे आहे, आणि आत नाही, वर आहे. कातडीवर. कुणी विस्तव ठेवून विसरून गेल्यासारखं." दादा दारातून हलक्या आवाजात म्हणाले, "अगं, डोकं ते डोकं. कूस बदलली असेल त्यानं." वहिनी हसली नाही. इतकी वर्षं जिच्याबरोबर एका खोलीत राहिलो, तिचा पायरव आपल्याला कळतो, आणि हा पायरव तिचा नव्हे, असं काहीतरी ती म्हणत होती. धाकटीला ते पटलं. कुणी आपलं दुखणं इतकं ओळखून असू शकतं, याचंच तिला नवल वाटत राहिलं.

पुढचा दिवस तसाच गेला, वहिनी कणकण अंगावर काढून कामावर गेली. त्यानंतरच्या सकाळी ती न्हाणीघरातून बाहेर आली तेव्हा डाव्या भुवईच्या वर लाल पट्टा उमटला होता आणि त्यावर बारीक, पाण्यानं भरलेले फोड. पट्टा कपाळाच्या बरोबर मध्यावर थांबला होता. उजवी बाजू जशीच्या तशी. चेहऱ्याच्या मधोमध कुणी बांध घातला असावा आणि अलीकडचं शेत तेवढं पेटलं असावं. दादा म्हणाले, "कोळी फिरला असेल. मलम लाव." धाकटी जवळ गेली, हात मागे बांधून, चुकून लागू नये म्हणून. तेव्हा तिला नाकाच्या टोकाशी, डाव्या बाजूला, आणखी एक फोड दिसला. तिच्या दुकानात आठवड्यातून एकदा डोळ्यांच्या डॉक्टर येत. त्या एकदा कुणाला तरी सांगत असल्याचं तिच्या कानावर पडलं होतं, की कपाळावरची नागीण नाकाच्या शेंड्यावर उतरली तर वेळ दवडू नये, डोळ्याकडे जाणारी नस तीच असते. तिनं दादांना सांगितलं, "टॅक्सी बोलवा." दादा काही बोलणार होते. तिनं खूण केली: आत्ता. घरात नवी सून होऊन आल्यापासून दादांना तिनं केलेला तो पहिला हुकूम असावा. दादा चपला घालायला धावले.

त्याच डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यात वहिनीच्या डोळ्यात पिवळा थेंब टाकला आणि निळ्या उजेडात बराच वेळ पाहिलं. खोलीत यंत्राचा घरघर आवाज तेवढा होता. निळा उजेड डोळ्यात शिरताना वहिनीनं मांडीवरचा पदर मुठीत धरला, पण हनुवटी हलवली नाही. "बुबुळावर किंचित उमटलंय," डॉक्टर म्हणाल्या. "पण वेळेवर आलात. आणखी दोन-चार दिवस डोकेदुखी म्हणून काढले असते, तर मी अशी निवांत बोलत बसले नसते. लहानपणी कांजण्या झाल्या होत्या?" "झाल्या होत्या." "तेच विषाणू. कांजण्या बऱ्या होतात, ते जात नाहीत. नसांच्या मुळाशी निजून राहतात. केव्हातरी, कशानं तरी उठतात." वहिनीनं मग तिचा प्रश्न विचारला. धाकटीला तो आधीपासून तिच्या चेहऱ्यावर दिसत होता. "डॉक्टर, मला आयुष्यभर अर्धशिशी. त्या डोक्याचा आणि या नागिणीचा काही संबंध?"  डॉक्टरांनी हातातली बॅटरी बंद केली, चष्मा काढून पुसला. "चेहऱ्याची सगळी खबर मेंदूकडे नेणारी नस एकच मोठी आहे. अर्धशिशीतही ती गुंतलेली असते, आणि तुमची नागीणही तिच्याच एका फांदीवर आहे. अर्धशिशीवाल्यांना नागीण जास्त होते का, नागिणीनंतर डोकी जास्त दुखतात का, यावर लोक अभ्यास करतायत. काहींना तसं दिसलंय. पण एकामुळे दुसरं, असं छातीठोकपणे मी नाही सांगणार. मला माहीत नाही." वहिनी म्हणाली, "बरं झालं, माहीत नाही म्हणालात. आजवर सगळ्यांना माहीतच होतं. कुणी म्हणे पित्त, कुणी म्हणे स्वभाव." डॉक्टर हसल्या. धाकटीला त्या क्षणी दोघींचाही अभिमान वाटला. आपला संबंध काय, तरी वाटला.

मग औषधांचे दिवस आले. गोळ्या, थेंब, पातळ ओली कापडं, फोडांवरून वारं जाऊ नये म्हणून बंद खिडक्या. उशीला कपाळ लागत नसे म्हणून वहिनी बसून झोपायची. पंख्याचं वारं भुवईवरून गेलं तरी तिचा श्वास अडे. आणि या सगळ्याच्या पलीकडे एक तारीख उभी होती. एका बहिऱ्या शिंपिणीचं प्रकरण. नवरा वारल्यावर सासूनं नातीला आपल्याकडे ठेवून घेतलं होतं, आणि म्हणणं असं, की जिला पोरीचं रडणं ऐकू येत नाही ती पोर काय सांभाळणार. सुनावणीत शिंपिणीची साक्ष होती. ती जन्मापासून बहिरी, खुणा तिच्या गावठी आणि भराभर; तिचं बोलणं वहिनीखेरीज कुणाला धड उमगत नसे. तारीख चुकली तर पुढची कधी मिळेल देव जाणे, आणि पोर आईला विसरायच्या वयाची होती. "दुसरं कुणी नाही का?" दादांनी विचारलं. "आहे. पण तो तिचे शब्द सांगेल, तिला नाही सांगणार," वहिनी म्हणाली. डॉक्टरांनी फोडांवर खपल्या धरल्याची खात्री करून घेतली, आता कुणाला लागण व्हायची भीती नाही म्हणाल्या, आणि एक जास्तीची गोळी दिली. "दुखणं दबेल, पण गुंगी येईल." त्या दिवशी सकाळी वहिनीनं ती गोळी टेबलावर पेल्याशेजारी ठेवली आणि पेल्यातलं पाणी तेवढं प्यायली. धाकटीनं पाहिलं. दुकानात रजा कळवून तिच्यासोबत निघाली.

बसमध्ये वहिनीनं तिला सांगितलं, की आज खरं काम हातांचं नाही, भुवयांचं आहे. खुणांच्या भाषेत प्रश्नाला आवाज कुठून येणार? भुवया वर गेल्या, की हो का नाही असा प्रश्न. खाली ओढल्या, की का, कसं, कुठं. भुवया जागच्या जागी राहिल्या, तर तेच हात नुसतं विधान करतात. 'तुला ऐकू येत नाही का' असं विचारायचं असलं आणि भुवई हलली नाही, तर समोरच्याला दिसतं: तुला ऐकू येत नाही. "म्हणजे वकिलाचा प्रत्येक प्रश्न आरोप होऊन तिच्या अंगावर जाईल," वहिनी म्हणाली. घरातल्या खुणा अंधारातल्या. त्यांत भुवयांची जरूरच पडली नव्हती. धाकटीला हे इतक्या वर्षांत कधी ठाऊकच झालं नव्हतं. तिनं गुपचूप आपली डावी भुवई उचलून पाहिली. केवढी हलकी गोष्ट.

न्यायालयाची खोली उंच छताची होती, वर जुने दिवे, त्यांचा पांढरा उजेड वहिनीला सोसणारा नव्हता. शिंपीण पिंजऱ्यात उभी राहिली, लहानखुरी, बोटांच्या टोकांना सुया टोचून झालेले काळे ठिपके. वहिनी तिच्यासमोर उभी राहिली. मागच्या बाकावरून धाकटीला वहिनीचा चेहरा बाजूनं दिसत होता, खपल्यांची बाजू. सासूच्या वकिलानं पहिला प्रश्न विचारला, आणि वहिनीच्या दोन्ही भुवया वर गेल्या. दोन्ही, सारख्या. खपल्यांखालची कातडी ताणली गेली, एक खपली कडेनं उकलली, आणि मानेवरची शीर उभी राहिली. हात मात्र शांत चालले होते. शिंपिणीनं उत्तर दिलं, वहिनीनं तिच्या वतीनं, 'मी' म्हणून, तिचंच उत्तर मोठ्यानं सांगितलं. पुन्हा प्रश्न, पुन्हा भुवया. धाकटीनं बाकाची कड धरली होती. दर प्रश्नाला तिच्या स्वतःच्या कपाळात काहीतरी ओढलं जाई. वकिलाला काय, प्रश्न फुकट होते. तो एकच गोष्ट तीनतीनदा विचारत होता. वहिनीनं एकाही प्रश्नाचं विधान होऊ दिलं नाही. धाकटीच्या मनात आलं, की आपण हिला आजवर पडदे ओढलेल्या खोलीतच पाहत आलो, दुखणं संपायची वाट बघणारी. हिचं बळ उजेडात कसं दिसतं ते आपल्याला आज कळतंय.

"रात्री मूल रडलं, तर तुम्हाला कळतं कसं?" वकिलानं विचारलं. शिंपिणीनं सांगायला सुरुवात केली, वहिनीच्या आवाजात ते येऊ लागलं: "मी तिला कुशीत घेऊन झोपते. तिच्या पाठीवर माझा हात असतो. रडायच्या आधी पाठ कडक होते. आवाज नंतर निघतो, असं लोक सांगतात. मला आधीच कळतं." वकील हसून म्हणाला, "आणि दिवसा? शिवणकाम करताना? तेव्हाही पाठीवर हात असतो का?" वहिनीच्या भुवया वर गेल्या. शिंपिणीचे हात उत्तरासाठी उठले आणि मधेच थांबले. ती वहिनीच्या चेहऱ्याकडे बघत होती. मग तिनं भराभर काही खुणा केल्या, आणि वहिनी, जिनं आजवर कुणाचा एक शब्द गाळला नव्हता, क्षणभर गप्प राहिली. खोलीत चुळबूळ झाली. "दुभाषी बाई, साक्षीदार काय म्हणाल्या?" न्यायाधीशांनी विचारलं. वहिनीनं सांगितलं, सपाट आवाजात, जसंच्या तसं: "तुला फार दुखतंय. मघापासून दुखतंय. आपण थांबू या. माझी पोर आणखी थोडी वाट बघेल."

"कुणाला दुखतंय?" न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "वकीलसाहेबांना?" कुणीतरी हसलं. वहिनी म्हणाली, "माफ करा. साक्षीदार हे मला म्हणाल्या. मला नागीण झाली आहे, कपाळावर. भुवई हलवली की दुखतं. कामाला अडचण नाही." न्यायाधीशांनी तिच्याकडे पाहिलं, बहुधा सकाळपासून पहिल्यांदाच, आणि मग शिंपिणीकडे. त्यांनी वहिनीला विचारलं, "तुम्ही काही बोललात का यांच्याशी? कण्हलात?" "नाही." "आम्हा कुणाला तर दिसलं नाही," न्यायाधीश म्हणाले. ते हे सावकाश बोलले, आणि वहिनीनं त्याच्याही खुणा केल्या, कारण ते तिचं कामच होतं. शिंपीण खाली बघू लागली, आपण काही चुकीचं केलं असं वाटून.  सासूच्या वकिलानं कागद चाळले आणि तो म्हणाला, "मला आणखी काही विचारायचं नाही." सासू तोंड वळवून रडू लागली, तीही एका पोराला मुकलेलीच होती. मधल्या सुट्टीनंतर न्यायाधीशांनी हुकूम वाचला. पोर आईकडे जाईल, आजीला हवं तेव्हा भेटता येईल.

वहिनीचा डोळा पुढे वाचला, कडेला धुक्यासारखा डाग राहिला तेवढा. दुखणं मात्र लवकर गेलं नाही. खपल्या पडल्या, कातडी निवळली, आणि तरी त्या रिकाम्या कपाळात महिनेच्या महिने काहीतरी जळत राहिलं. उजवीकडचं जुनं डोकंही पूर्वीपेक्षा जास्त वेळा येऊ लागलं. डॉक्टर पुन्हा म्हणाल्या, संबंध असेल, नसेलही, आणि वहिनी हसून म्हणाली, तुमचा निकाल लागेपर्यंत दोघांनाही ठेवून घेते. तिनं लांबलचक सुनावण्या कमी केल्या. धाकटी दुकान सुटल्यावर तिच्याकडून खुणा नव्यानं शिकू लागली, चेहऱ्यासकट. पण हे सगळं पुढचं. त्या दुपारी तिघी न्यायालयाच्या दारातून रस्त्याकडे वर चढणाऱ्या पायऱ्यांशी आल्या तेव्हा ऊन थेट समोरून येत होतं. वहिनी दारातच थबकली, डोळे बारीक करून, हात कपाळाशी नेला आणि लावला नाही. धाकटी छत्री शोधायला पिशवीत हात घालते आहे, तोवर शिंपीण पुढं आली. उंचीनं ती वहिनीपेक्षा बरीच कमी. ती एक पायरी वर चढली, मग आणखी एक, आणि उन्हाच्या आड अशी उभी राहिली की तिच्या डोक्याची सावली नेमकी वहिनीच्या कपाळावर पडली. आणि तशीच उभी राहून ती हातांनी सांगू लागली: पोरीसाठी शिवून ठेवलेले झगे आता आखूड होणार, शिवण उसवावी लागेल, कापड पुरेल, खाली थोडं जास्तीचं मुडपून ठेवलं आहे. वहिनी सावलीत उभी राहून बघत होती, तिच्या भुवया निवांत होत्या. त्या बोलण्यात एकही प्रश्न नव्हता.